सतरा मुलांची शाळा: खो-खोचा संघ होत नाही, गॅदरिंग तरी करायचं का?

मोरणाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. दूध संकलन आणि थोडी शेती. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. दोन खोल्या, एक गुरुजी, एक बाई आणि पट १७. पहिलीत ३, दुसरीत ६, तिसरीत ३, चौथीत ५. मुली ९, मुलगे ८. माझी लेक तिसरीत आहे आणि औंदा शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलंय. (अध्यक्ष पालकातलाच लागतो, आणि त्या दिवशी मीटिंगला वेळेवर पोचलेला पालक मी एकटाच होतो.)

परवाच्या मीटिंगमध्ये गॅदरिंगवरून जुंपली. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईत माथाडीत आहे. मुंबईकर मंडळ म्हणतंय, अकरा हजार देतो पण गॅदरिंग दणक्यात पाहिजे. स्टेज, लायटिंग, डीजे, भाड्याची ड्रेपरी. गुरुजी म्हणतात, सरावात जानेवारी अख्खा जातो, दुसरीतल्या सहापैकी तिघांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, निपुणची (सरकारच्या वाचन-गणित अभियानाची) चाचणी डोक्यावर आहे, हे पैसे पुस्तकांना द्या. बाई म्हणतात, वर्षातून एकदा पोरं स्टेजवर जातात ते तरी काढून घेऊ नका. दोघांचंही मला पटतं, हीच पंचाईत.

त्यात खेळाचं दुखणं वेगळंच. मागच्या वर्षी केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) क्रीडा स्पर्धेला आमची पोरं जीप भरून गेली. कबड्डी नाही, खो-खो नाही, संघच होत नाही. नुसतं पळणं आणि लांब उडी. दहा वाजता सगळं संपलं, मग चार वाजेपर्यंत दुसऱ्यांचा खो-खो बघत कडेला बसली. येताना जीपमध्ये कोणी बोलत नव्हतं. माझ्या लेकीने घरी आल्यावर एवढंच विचारलं, "पप्पा, आपल्या गावात अजून पोरं का नाहीत?"

तुमच्याकडच्या लहान शाळांत हे सगळं कसं जमवतात?

पेठकर
करा की! पट १७ म्हणजे निमंत्रणपत्रिका हाताने लिहून होतील, छपाईचा खर्च वाचला.

खडूफळा
सोलापूर जिल्ह्यात बावीस वर्षं शिक्षक आहे, त्यातली चौदा द्विशिक्षकी शाळेत. गुरुजींची बाजू आधी मांडतो, कारण ती कोणी मांडत नाही.

द्विशिक्षकी हे नाव कागदावरचं. एक जण प्रशिक्षणाला, नाहीतर मतदार यादीच्या कामाला, नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला रेंज शोधत टेकडीवर. उरलेला एक माणूस चार इयत्ता घेऊन बसतो. पहिलीला मणी मोजायला द्यायचे, तिसरीला हातच्याची वजाबाकी फळ्यावर, तोवर दुसरीतला एक जण खिडकीतून बाहेर. अशात कोणी म्हणालं की रोज दोन तास नाच बसवा, तर पोटात गोळा येतोच.

पण आता दुसरी बाजू. माझ्याकडे तिसरीत एक मुलगा होता. वाचायला उभं केलं की पुटपुटायचा, ओळ संपायच्या आत खाली बसायचा. गॅदरिंगला निवेदन करायला कोणी नव्हतं, म्हणून त्याला दिलं. पाच ओळींचा कागद. "उपस्थित सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींनो." त्याचं 'ग्रामस्त' व्हायचं. 'स्थ' वर तो तीन दिवस अडला होता. घरी गोठ्यात म्हशींना "ग्रामस्थ बंधू-भगिनींनो" म्हणायचा असं त्याच्या आजीने सांगितलं. चौथ्या दिवशी बरोबर म्हणाला. त्यानंतर 'स्थ' असलेला शब्द पुस्तकात दिसला की बोट ठेवून दाखवायचा, 'स्थळ', 'स्थान'. जोडाक्षरांचा तक्ता मी वर्षभर भिंतीवर लावला होता, त्याने हे झालं नव्हतं.

तेव्हा सराव आणि अभ्यास असे दोन ढीग करू नका. सराव शनिवारी घ्या. शनिवार तसाही आता कागदोपत्री 'आनंददायी' आहेच.

रानकेवडा
खडूफळा सर, म्हशींना बंधू-भगिनी म्हणणाऱ्या त्या मुलाला माझा दंडवत सांगा.

आकडेमोड
थोडं कडू लिहितो. राग मानू नका.

सतरा मुलांच्या शाळेत ना संघ होतो, ना इयत्तेला शिक्षक मिळतो, ना मैदान राखलं जातं. आजूबाजूच्या चार वाड्यांची मुलं एका मोठ्या शाळेत आली आणि बस दिली तर हे तिन्ही प्रश्न सुटतात. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं देऊन. लगेच "शाळा वाचवा" सुरू झालं. इमारत वाचवायची की मुलांचं बालपण? धागाकर्त्याच्या मुलीने प्रश्न बरोबर विचारलाय. अजून पोरं पाहिजेत. ती दुसऱ्या वाडीत आहेत.

ओढ्यापल्याड
आकडेमोड, तुम्ही पावसाळ्यात पाटण-जावळीकडे आला आहात का? बस म्हणे. आमच्या वाडीला एसटी येते ती फाट्यापर्यंत. फाटा ते वाडी मध्ये ओढा. जुलैत दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नाही. पहिलीतलं सहा वर्षांचं लेकरू फाट्यावर सोडायला आणि आणायला आई-बापापैकी एकाचा रोज बुडवायचा. पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हे शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) नियमात लिहिलंय ते उगाच नाही.

आमची शाळा पटाअभावी बंद झाली तेव्हा चार मुली होत्या. दोघी मोठ्या शाळेत गेल्या. एक मामाकडे कराडला. चौथी घरी बसली. ती आता माझी वहिनी आहे, म्हणून मला माहीत.

आकडेमोड
त्या चौथ्या मुलीचं वाईट वाटलं, खरंच. पण तो दोष बस न देणाऱ्याचा, कल्पनेचा नाही.

सायलीची_वेल
दोघांच्या मध्ये पडते. मी स्वतः एकोणीस पटाच्या शाळेतून तिसरीत असताना बाजाराच्या गावच्या शाळेत गेले. वडिलांची बदली. मोठ्या शाळेत खो-खो मिळाला, वाचनालय मिळालं, भांडायला सारख्या वयाच्या मैत्रिणी मिळाल्या. आकडेमोड म्हणतात ते खरंय, मी जगलेय. पण गॅदरिंगला तिथे दोनशे मुलांतून वीस निवडायचे. मी गोरी नव्हते, उंच नव्हते. चौथी ते सातवी एकदाही स्टेजवर गेले नाही. जुन्या शाळेत मी एकाच गॅदरिंगमध्ये झाड, पोलीस आणि सावित्रीबाई झाले होते. कारण माणसंच नव्हती!

पेठकर
झाड ते पोलीस ही बढती किती मिनिटांत?

सायलीची_वेल
दीड मिनिटात. फांद्या विंगेत फेकल्या, त्या गुरुजींना लागल्या.

रानकेवडा
गॅदरिंग जरूर करा, पण डीजे आणि सिनेमातली गाणी नकोत. आठ वर्षांच्या मुलींना लिपस्टिक फासून कंबर हलवायला लावतात आणि खाली बापे शिट्ट्या मारतात. मागच्या वर्षी बहिणीच्या गावात बघितलं आणि उठून आले. आपल्याकडे काय कमी आहे? लेझीम आहे, कोकणात जाखडी आहे, नमन आहे, झाडीपट्टीत दंडार आहे, पालघरकडे तारपा आहे. ते शिकवा.

पाड्यावरचा_मास्तर
रानकेवडाताई, शिट्ट्यांबद्दल १०० टक्के सहमत. तारप्याबद्दल मात्र थोडं लिहितो.

मी जव्हारकडच्या एका पाड्यावर शिकवतो. आमच्याकडे साहेब आले की फर्मान ठरलेलं: "मुलांचा तारपा नाच ठेवा." मुलं नाचतात. पण तारपा दुधी भोपळ्याचा, लांब, तो वाजवायला भरलेली छाती लागते, चौथीतल्या पोराचं काम नाही. म्हणून पाड्यावरच्या एका आजोबांना बोलावतो. ते घरच्या कामाची मजुरी बुडवून येतात, साहेब त्यांच्याबरोबर फोटो काढतात आणि जातात. एकदा चौथीतल्या मुलीने विचारलं, "गुरुजी, शहरातली पोरं स्टेजवर काय करतात? त्यांना पण त्यांच्या आजोबांचाच नाच करायला लावतात का?" मला उत्तर सुचलं नाही. त्या वर्षी तिच्या गटाने मोबाईलवरच्या गाण्यावर नाच केला. कपडे नीट, हावभाव नीट, गाणं मी आधी शब्द न् शब्द ऐकून घेतलं होतं. पोरी अशा काही नाचल्या की आजोबांनीच पहिली टाळी वाजवली.

दुसरी गोष्ट. तुमच्या धाग्यात सगळे जानेवारी गृहीत धरताय. आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, पोरांसकट. जानेवारीत गॅदरिंग ठेवलं तर ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे तीच पोरं नसतात. म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीआधी करतो. मंडप नाही, शाळेचा ओटा हाच स्टेज. पाऊस आला तर वर्गात.

बालाघाटी
हो. आमच्याकडे बीडला हेच, फक्त वीटभट्टीच्या जागी ऊस. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात त्या एप्रिललाच परत. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर आजीपाशी राहून पोरं टिकतात, नाहीतर पट चाळीसचा बारा होतो.

रानकेवडा
मास्तर, त्या मुलीचा प्रश्न दोन दिवस डोक्यात राहील. माझा प्रतिसाद मागे नाही घेत, पण अर्धा घेते.

पेठकर
इथे कोणीतरी अर्धा का होईना प्रतिसाद मागे घेतला!! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

सहा_हजार_मैल
मी सध्या टेक्सासात. इथे ओसाड भागातल्या शाळांना हाच त्रास आहे, अकरा मुलांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होत नाही. त्यावर उपाय म्हणून सहा जणांचं फुटबॉल आहे. नेब्रास्कातल्या एका शिक्षकाने १९३४ मध्ये काढलं. मैदान छोटं, नियम थोडे बदललेले. इथे त्याच्या रीतसर स्पर्धा होतात आणि शुक्रवारी रात्री अख्खं गाव मैदानावर असतं. मुलं जमवत बसण्यापेक्षा खेळच लहान केला. आपल्याकडे केंद्र पातळीवर एवढं करायला कोणी अडवलंय?

पेठकर
पाच जणांचा खो-खो. दोन बसलेले, एक पळणारा, एक रडणारा, एक पाणी आणायला गेलेला.

खडूफळा
हसू नका, आमच्या केंद्रात दोन छोट्या शाळांचा मिळून एक संघ दोन वर्षं खेळवला. केंद्रप्रमुख चांगले होते. तालुक्याला मात्र चालला नाही, "शाळेचं नाव काय लिहायचं" इथेच गाडी अडली.

आणि लंगडी विसरू नका. लंगडीला ना खांब लागतात, ना चटई. शिवाय दम आणि तोल दोन्ही तयार होतात.

सूरपाटी
थांबा, थांबा, थांबा. इतके प्रतिसाद आले आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही?

मोरणाकाठ, तुम्ही लिहिलंय मुली ९. खो-खोला मैदानात नऊच उतरतात! आठ जणी चौकोनात बसायच्या, एक पाठलागाला. बचावाला तर तिघी-तिघींच्या तुकड्या, म्हणजे तीन त्रिक नऊ. यादीत बारा असतात त्या तीन राखीव धरून. राखीव नसल्या म्हणून काय संघ होत नाही? मी विद्यापीठापर्यंत खेळलेय, मला सांगू नका.

मोरणाकाठ
सूरपाटी ताई, खरं सांगू, आम्ही कधी असं मोजलंच नाही. "बारा लागतात" असं कोणीतरी सांगितलं आणि सगळे गप्प बसले. पण नऊमधल्या दोघी पहिलीतल्या आहेत. एकीचं तर दप्तर तिच्यापेक्षा मोठं दिसतं. समोर चौथीतल्या दांडग्या पोरी येणार.

सूरपाटी
हरतील. मग? मागच्या वर्षी न खेळता परत आल्या त्यापेक्षा खेळून हरलेल्या बऱ्या की नाही?

मैदान सत्तावीस बाय सोळा मीटर असतं, तेवढं अंगण नसेल तर असेल तेवढ्यात आखा. खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंमी वर हवेत. गुळगुळीत, वरचं टोक घासलेलं. सुतार नसेल तर गावात बाभळीचा वासा मिळेलच. मातीतले दगड वेचून काढा, ही एवढी एक गोष्ट मोठ्या माणसांनी करा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे, गुरुजींना विचारा ते कशावर गेले. बहुतेक शाळांत क्रिकेटची बॅट आणि रिंग येते आणि कपाटात राहते.

आणि मुलींना दाखवा की जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, दोन्ही भारताने जिंकले आणि मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वायकर, दोघंही महाराष्ट्राचे. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार आहे. हे खेळ आपल्याच मातीतले असून आपणच त्यांना "संघ होत नाही" म्हणून घालवतोय.

आकडेमोड
शेवटचा परिच्छेद भाषणाकडे झुकला, पण नऊचा हिशेब बिनतोड आहे. माझं नाव आकडेमोड असून मला सुचलं नाही, याची नोंद घ्यावी.

घुमटवादक
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून लिहितो. माझी सरकारी मराठी प्राथमिक शाळा पट संपला म्हणून बंद पडली, आता त्या खोल्यांत अंगणवाडी भरते. आमच्या शाळेत वर्षाच्या कार्यक्रमाला मुली फुगडी घालायच्या आणि आम्ही घुमट वाजवायचो. (अवांतर: घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. आता त्यावर बंदी, शेळीचं लावतात. नाद बदललाय असं जुने लोक म्हणतात, मला तरी फरक कळत नाही.) सांगायचं एवढंच, शाळा बंद झाल्यावर गावात मुलांचा असा कार्यक्रम परत झाला नाही. देवळात होतात, पण तिथे मोठ्यांचे नंबर आधी लागतात. करून घ्या. पट उद्या किती असेल कोणी सांगावं.

हलगी
आमच्या कोल्हापूरकडं गॅदरिंगला बक्षिसं पडतात. नाच सुरू झाला की लोक उठून माईकवाल्याकडं जातात. "अमुक पाटलांच्याकडून एक्कावन्न रुपये, धन्यवाद, पुढचं." एका रात्रीत शाळेचं फाटक उभं राहिलंय आमच्यात. मुंबईकरांचे अकरा हजार डीजेवर घालण्यापरास साधा स्पीकर लावा आणि बक्षिसांचे पैसे शाळेच्या खात्यावर घ्या.

सायलीची_वेल
बक्षिसांची एक काळी बाजू पण लिहिते. ज्याच्या बापाचं गावात वजन, त्याच्या पोराच्या नाचाला नोटांचा पाऊस. माझ्या शेजारच्या मुलीच्या नाचाला एक रुपया नाही पडला, तिचे वडील मजुरीला बाहेरगावी होते. ती विंगेत उभी राहून माईक ऐकत होती. पुढच्या वर्षी आमच्या बाईंनी सांगितलं, मुलाचं नाव घेऊन बक्षीस नाही, फक्त "शाळेला". रक्कम निम्मी झाली पण बाई हटल्या नाहीत.

हलगी
हे बरोबर. आमच्यात असं कोण बघत नव्हतं. चूक झाली आमची.

लेझीमवाला
लेझमाचं नाव निघालं म्हणून. सांगलीच्या लेझीमपथकाने १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये खेळ केला होता, आमचे पीटीचे सर ती गोष्ट दरवर्षी सांगायचे, दरवर्षी थोडी वाढवून. शाळेत जुनी लेझमं असतील तर साखळीच्या चकत्या आधी तपासा. आमच्या वेळी 'आठ आवाज' करताना अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं साखळीत चिमटायचं. बैठकीला तर डोळ्यांतून पाणी. पण हलगी लागली की कोणी थांबायचं नाही.

सतरा जण लेझमाला पुरेसे आहेत. उलट बरंच, दोन रांगा आणि पुढे एक.

मोरणाकाठ
मंडळी, महिनाभराने येतोय. गाय व्यायली, त्यात वेळ गेला. खबर द्यायची आहे.

खो-खोचा संघ झाला!

गुरुजींनी आधी डोक्याला हात लावला. पण झालं असं की आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आहेत, त्यांनी खिचडी ढवळता ढवळता हे बोलणं ऐकलं. म्हणाल्या, "मी तालुक्यापर्यंत खेळलीया." वीस वर्षं गावात राहतात, कोणाला ठाऊक नव्हतं. ताटं धुऊन झाली की रोज अर्धा तास त्याच घेतात. साडीचा काचा मारून. पहिल्या दिवशी नुसतं बसायलाच शिकवलं. "टाचंवर बसू नगा, पंजावर बसा, खो मिळाला की उठायला येळ जातो." आणि खो मागून द्यायचा, हात लावून आणि आवाज काढून. आमच्या पोरी खो इतका हळू द्यायच्या की बसलेलीला कळायचंच नाही. मावशी म्हणाल्या, "गायरानात शेरडं वळताना वरडता तसं वरडा." मग झालं.

गेल्या आठवड्यात केंद्राच्या स्पर्धेला गेलो. नऊ जणी, राखीव शून्य. पहिली मॅच एक डाव आणि ७ गुणांनी हरलो. पहिलीतल्या बारकीला खो मिळाला तर ती उठून सरळ समोर जीपकडे पळत सुटली, कारण तिची आई तिथे उभी होती. पंचांनी शिट्टी वाजवली तरी थांबेना. पण शेवटच्या तुकडीत माझी लेक अडीच मिनिटं टिकली. घड्याळ मी लावलं होतं.

परत येताना जीपमध्ये एवढा गोंगाट होता की ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवली.

सूरपाटी
अडीच मिनिटं!!! तिसरीतल्या पोरीने!!! मावशींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. डोळे भरून आले हो.

पेठकर
बारकीला पुढच्या वर्षी शंभर मीटरला उतरवा. फक्त आईला रेघेच्या पलीकडे उभं करा.

आकडेमोड
अभिनंदन. माझं मत बदललेलं नाही, पण मावशींना मानधन काय मिळतं आणि त्या काय देऊन जातात याचा हिशेब मला आता मांडावासा वाटत नाही.

पाड्यावरचा_मास्तर
आणि गॅदरिंग? मूळ प्रश्न तोच होता ना?

मोरणाकाठ
हो मास्तर, ते राहिलं होतं. फेब्रुवारीत झालं, आता सगळं आवरून लिहितोय.

मुंबईकरांशी दोन मीटिंगा फोनवर झाल्या. डीजे नाही म्हटल्यावर अकराचे सात हजार झाले. त्यातल्या चार हजारांची गोष्टींची पुस्तकं आणली, ती गुरुजींनी स्वतः जाऊन निवडली, म्हणून तेही खूश. साधा स्पीकर, समोर हॅलोजन, शाळेचा ओटा. ड्रेपरी भाड्याने आणली नाही, घरातल्याच साड्या आणि आजोबांचे फेटे. दिवस शनिवारचा धरला, म्हणजे मुंबईची गाडी सकाळी पोचते.

दुसरीतल्या ज्या तिघांना जोडाक्षरं येत नव्हती त्यांना खडूफळा सरांचा उपाय केला, निवेदन तिघांत वाटून दिलं. दोघांनी झकास केलं. तिसरा माईकसमोर गेला आणि एकदम गप्प. मिनिटभर तसाच. मग म्हणाला, "मला पुढचं येतंय, पण मुत्रीला जायचंय." गेला, आला आणि वाचलं. 'स्वागत' चुकला, 'उपस्थित' बरोबर म्हणाला. गुरुजींनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. म्हणजे दोन अजून बाकी, असा त्याचा अर्थ असावा, किंवा एक तरी झालं.

बक्षिसं फक्त शाळेच्या नावाने घेतली. दोघं जण त्यावरून रुसून उठून गेले, त्यातला एक परत आला आणि दोनशे एक देऊन गेला. एकूण ४,३७० रुपये जमले. त्यात खो-खोचे दोन पक्के खांब आणले, आधीचे वाशाचे होते. मोजून १२२ सेंमी. सिमेंटमध्ये बसवले.

आता नवीन तक्रार. रविवारी सकाळी बघितलं तर दोन्ही खांबांना शेळ्या बांधलेल्या. गुरुजी चिडलेत, मीटिंग लावली आहे, अध्यक्ष म्हणून मलाच बोलायचंय. शेळ्या मावशींच्याच आहेत.

घुमटवादक
😂😂 आता बोलून दाखवा अध्यक्ष!

पेठकर
शेळ्या खांबाला पाठ करून बसल्या होत्या की एकाआड एक उलट-सुलट? उलट-सुलट असतील तर राखीव खेळाडूंचा प्रश्न मिटला.

सूरपाटी
दोर खांबाच्या वरच्या टोकाला घासू देऊ नका, पॉलिश जातं आणि खांब धरून वळताना मुलींच्या हातात कुसळं जातात. बाकी शेळ्यांना माझी हरकत नाही.